डासांचा कौल

कुरणपाड्याच्या मारुतीच्या देवळासमोर त्या दिवशी मुंगीला शिरायला वाव नव्हता. पार कोन गावापर्यंतची माणसं आली होती. द्रोणागिरीच्या गोदामांत हमालीला जाणारी पोरं खाडा करून आली होती. उरणहून मासळी आणणाऱ्या गंगाबाईनं तर भरली पाटी देवळाच्या पायरीवरच टेकवली होती, आणि पाड्यातली मांजरं तिच्याभोवती भजनाला बसल्यासारखी रांगेत बसली होती. मंडपाच्या मधोमध धुनी. धुनीमागं वाघाच्या कातड्याची छपाई असलेलं ब्लँकेट. ब्लँकेटावर धुनीनाथ महाराज. आणि महाराजांसमोर ओळीनं मांडलेल्या लोणच्याच्या काचेच्या बरण्या, तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधलेल्या. बरण्यांत लोणचं नव्हतं, डास होते.

"हा मच्छर नाय, बालकांनो!" महाराज गरजले. "हा यमाचा हवालदार हाय! तुमी त्याला टाळी वाजवून मारता. अरे, हवालदार मेला म्हणून वॉरंट फाटतं काय?"

"नाय महाराज!"

"हिमालयात बारा वर्षं बसलो मी. एक मच्छर चावला नाय. कशानं?"

"थंडीनं मेले असतील," मागून कुणीतरी पुटपुटलं. आसपासच्या चारपाच जणांनी तोंडावर हात धरला.

"तपानं!" महाराजांनी आवाज एक पट्टी चढवला. "गावदेवीचा कौल फुलानं लागतो. उजवं फूल पडलं तर होय, डावं पडलं तर नाय. माझा कौल डासानं लागतो! घर शुद्ध, तर त्या घरचा डास माझ्या धुनीत मेला. घरात पाप, तर डास जिता राहिला. कशानं? पाप त्याला पाठीशी घालतं!"

मग त्यांनी पणतीत निखारा ठेवला, निखाऱ्यावर पिशवीतलं हिरवट-काळं धुनीचूर्ण चिमूटभर टाकलं आणि वर एक बरणी पालथी धरली. कापडातून धूर आत शिरला. महाराजांनी जप केला, बरणी उचलली, सरळ ठेवली. तळाला डास पडले होते, पाय वर करून, एकूण एक. मंडपात टाळ्यांचा नुसता पाऊस. दुसरी बरणी, तसंच. तिसरी, तसंच. ज्या घरची बरणी त्या घरच्या बाया पदर पसरून पुढं येत आणि धुनीचूर्णाच्या पुड्या घेऊन जात.

शेवटी निळ्या दोऱ्याची बरणी आली. जप झाला. महाराजांनी बरणी सरळ केली, आणि आतले डास काचेवर असे काही नाचत होते की जणू त्यांच्याच घरी लग्न आहे.

 निळा दोरा वेणूच्या घरचा होता.

ही दोन हजार अकरा सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. त्या वर्षी हिवतापानं पाड्यातलं एक घर सोडलं नव्हतं. कोपऱ्यावर दुकान चालवणाऱ्या गुणाबाईची नात भाविका, पाच वर्षांची चिमुरडी, तापानं फणफणली तेव्हा तिला आधी अंगारा लावला, मग दृष्ट काढली, मग लिंबू उतरवून टाकलं. पनवेलच्या दवाखान्यात नेईस्तोवर ताप मेंदूत गेला होता. पोर गेली. तेव्हापासून पाड्याला झोप नव्हती, आणि झोप नसलेल्या गावाला कुणीतरी दोषी लागतो. महाराज बरोब्बर तेव्हा आले.

त्यांना देवळाचा मंडप मोकळा करून दिला तो बळीराम बुवांनी.

बळीराम बुवा म्हणजे कुरणपाड्याचा गळा. शेती करून कीर्तन करणारा माणूस. पण त्यांनी अभंगाचं पहिलं चरण धरलं की टाळकऱ्यांच्या अंगावर काटा यायचा आणि मृदंग आपोआप बोलू लागायचा. बेलपाड्यापर्यंत त्यांना बोलावणी. कीर्तनावर त्यांचा जीव इतका की नांगर धरला तरी बैलांना हरिपाठ ऐकावा लागे. असा हा भोळा, पण खोट्याची चीड असलेला माणूस. म्हणूनच त्यांनी महाराजांना सांगितलं होतं, "कौल लावा, पण लबाडी नको. डास तुमच्या चेल्यांनी नाय पकडायचे. मी सोता पकडीन, सोता दोरा बांधीन."

आणि तसंच केलं. पेला आणि पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन बुवा घरोघर फिरले. कोपऱ्यातले, मोरीतले, खाटेखालचे डास धरले, बरणीत सोडले, प्रत्येक बरणीला वेगळा दोरा बांधला. वेणूच्या घरचेही त्यांनीच धरले. पहिल्या खेपेला निळ्या बरणीतले डास जगले तेव्हा त्यांनी हट्टानं पुन्हा जाऊन नवे डास आणले होते. तेही जगले. आज तिसरी खेप.

कुणी लबाडी केली असती तर बुवांनी पकडली असती. लबाडी झालीच नव्हती. त्यांच्या प्रामाणिकपणानंच त्यांचा घात केला.

वेणू म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची, विठूची, बायको. विठू हायवेवर टेम्पो उलटून गेला तेव्हा किशोरी शाळेत जायच्या वयाची होती. वेणूनं तिला एकटीनं वाढवलं. किशोरीचं लग्न आता बेलपाड्याच्या मुलाशी ठरलं होतं. वेणूचं घर मोठ्या रस्त्याच्या पलीकडं, वरच्या अंगाला, एकटंच. मध्ये भाताची खाचरं, मग रस्ता, मग घर, आणि घराला पाठ लावून कंटेनरचं मोठं गोदाम.

"भाविका त्यांच्याच अंगणात खेळायला जायची!" गर्दीतून गुणाबाई ओरडली. तिचा आवाज फाटला होता. "माझी पोर हिच्याच घरानं खाल्ली!"

महाराजांनी डोळे मिटले. "पाप घराच्या पायात शिरलंय. गोपाळकाल्याच्या आत घर रिकामं झालं पायजे. नायतर मंग पुढची पोर कुणाची, ते मी नाय सांगत."

सगळ्यांनी बुवांकडं पाहिलं. घरातला वडीलधारा, पाड्याचा बुवा, डास पकडणारा हात. 

"कौल देवाचा हाय," ते म्हणाले. "काल्यापावेतो वेणू म्हायेरी जाईल."

वेणू खांबाला टेकून उभी होती. ती पुढं आली. "भावजी, डास तुमीच पकडलेत ना?"

"होय."

"मंग माझ्याकडं बघून सांगा. काय पाप केलं मी?"

बुवांनी धुनीकडं पाहिलं. वेणूकडं पाहणं त्यांना जमलं नाही. तिनं पदर खोचला, आपली निळ्या दोऱ्याची बरणी उचलली आणि ती घेऊन गर्दीतून निघून गेली. माणसं बाजूला सरकत होती. तिचा पदर लागू नये म्हणून.

चार दिवसांत बेलपाड्याचा निरोप आला. मुलाकडच्यांना विचार करायला वेळ हवा होता. असा वेळ कशाला लागतो ते सगळ्यांना कळतं.

त्या शनिवारी विनिता घरी आली.

विनिता बुवांची मुलगी. मुंबईला एका संशोधन संस्थेत डासांवर काम करायची. पाड्यात कुणी विचारलं, की पोरगी काय करते, तर बुवा म्हणत, "डास मोजते." लोक हसत, मग बुवाही हसत, पण छातीही फुगवत. ती महिनाभर रत्नागिरीकडं नमुने गोळा करत हिंडत होती. पाड्यात काय घडलं ते तिला सहा आसनी रिक्षात कळलं. ती घरी न येता आधी वेणूकडं गेली आणि संध्याकाळी आली ती चप्पल न काढताच ओट्यावर बसली.

"आप्पा, काकी पेटी भरतेय."

"ठावं हाय."

"तुम्ही भरायला लावलीत."

"मी नाय. कौल लागला." बुवांनी टाळांची जोडी पुसायला घेतली होती, ती ते पुसतच राहिले. "मी सोता पकडले डास, विनू. येकदा नाय, तीनदा. आपल्या घरचे मेले, तिच्या घरचे जगले. ह्याच्यात खोटं काय हाय?"

"काही नाही," विनिता म्हणाली.

बुवांनी मान वर केली. पोरगी चिडेल, महाराजांना शिव्या देईल, अशी त्यांची तयारी होती.

"तुम्ही पाहिलं ते खरंच आहे. मी पकडले असते तरी हेच झालं असतं. चूक पाहण्यात नाही, आप्पा. अर्थ लावण्यात आहे." ती खाली सरकून बसली. "मला एक सांगा. खाडीचा बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं, तर भाताचं काय होतं?"

"जळतं. आणखी काय."

"सगळं?"

"सगळं नाय. येखादं रोप तगतं."

"त्याचंच बी पुढल्या वर्षी पेरलं, पुन्हा खारं पाणी आलं, पुन्हा जे तगलं त्याचं बी पेरलं. असं करत गेलं तर?"

"तर काय, आपल्या वाडवडलांनी तेच केलं. खारातलं लाल भात. दुसरं भात मरतं तिथं हे हात हात वाढतं." बुवांचा आवाज जरा मोकळा झाला. शेतीचं बोलणं त्यांना सोपं.

"मग खाऱ्या पाण्यानं त्या भाताला तगायला शिकवलं का?"

"पाणी काय शिकवतंय? जळायचं ते जळलं, तगायचं ते उरलं. उरलं त्याचीच पोरं झाली."

"डासांचं तेच झालंय," विनिता म्हणाली. "डासाच्या नसेला बारीक दारं असतात. सारखी उघडतात, मिटतात. फवारणीचं औषध त्या दारात खुंटी मारतं, दार मिटत नाही, डास तडफडून मरतो. पण हजारात एखादा डास असा जन्मतो की त्याच्या दाराची चौकट वेगळी. खुंटी बसतच नाही. तो वाचतो. त्याची पिल्लं वाचतात. वर्षानुवर्षं एकच औषध मारत राहिलात तर त्या जागी खुंटी न बसणारेच डास उरतात. लाल भातासारखे. आम्ही गावोगावचे डास तपासतो ते हेच बघायला, की कुठल्या वस्तीत अशी चौकट असलेले किती झाले."

"पण म्हाराजांची धुनी म्हंजे वनस्पती..."

"काकीच्या घरी त्यांच्या चूर्णाची पुडी होती. हिरवे कण आहेत त्यात. मी जाळून बघितली. आप्पा, तो वास तुमच्या ओळखीचा आहे. गुणा आत्याच्या दुकानातली कॉइल. शेणाच्या गोवऱ्यांत कुटून घातलेली."

बुवांचं टाळ पुसणं थांबलं. त्यांना आठवलं, गुणाबाई एकदा हसत म्हणाली होती, 'म्हाराजांना लय चावत असतील गो, त्यांचे चेले कॉइलींची खोकीच्या खोकी नेतात.' त्यावर तेही हसले होते.

"कॉइलचं औषध आणि फवारणीचं औषध एकाच घराण्यातलं," विनिता म्हणाली. "एकाला जो डास दाद देत नाही तो बहुतेक दुसऱ्यालाही देत नाही. खालच्या आळीत कधी फवारणी झाली?"

"आपल्याकडं कोण करतंय?"

"आणि काकीच्या घरामागं?"

बुवांच्या हातातले टाळ एकमेकांवर आपटले. लहानसा आवाज झाला.

गोदाम. रोज संध्याकाळी धुराचं मशीन फिरायचं तिथं. परदेशी जाणारा माल, त्यात कीड नको, म्हणून. सात-आठ वर्षं झाली असतील.

आणि ते गोदाम तिथं कसं आलं, हे बुवांइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. विठू गेल्यावर सामायिक जमिनीचे दोन तुकडे राहिले होते. एक खालच्या आळीत बुवांच्या घरामागं, एक वर वेणूच्या घरामागं. गोदामवाल्याला कुठलाही चालला असता. बुवांनी वडीलकीच्या नात्यानं वरचा दिला. आपल्या घरामागं ट्रकांचा खडखडाट नको, हरिपाठाला शांतता हवी, एवढाच विचार. वेणूला विचारलंसुद्धा नाही. पुढं ती एकदा तक्रार घेऊन आली होती, 'भावजी, त्या धुरानं किशोरी खोकते.' तेव्हा चार माणसांत बुवांनी हसत म्हटलं होतं, 'अगो, फुकटचा धूर मिळतोय. डास मरतील तुझे!' चारी माणसं पोट धरून हसली होती. वेणू हसली नव्हती.

"आप्पा?" विनिता म्हणाली.

"ऐकतोय."

"नुसतं माझं बोलणं कुणी ऐकणार नाही. ही शिकलेली, देव न मानणारी, म्हणतील."

"तू मानतेस की."

"तुमचं कीर्तन मानते," ती पहिल्यांदाच हसली. "आपण कौलानंच कौल खोटा पाडू. काकीच्या टाकीतली डासांची अंडी मी आणते. ती आपल्या देवघरात वाढवायची. आपल्या टाकीतली अंडी काकीच्या घरी. काल्याच्या दिवशी बघू, पाप घराचं आहे की अंड्याचं."

तर मंडळी, बळीराम बुवांच्या देवघरात, लंगड्या बाळकृष्णाच्या शेजारी, जाळीनं झाकलेली पसरट घमेली आली. पाण्यात अळ्या वळवळू लागल्या. बुवा रोज पहाटे काकड आरती करत, संध्याकाळी हरिपाठ म्हणत; डासांच्या अळ्यांना नामस्मरण ऐकवणारा पृथ्वीवरचा तो पहिलाच बुवा असेल. आणि खरं सांगायचं तर त्यात भक्तीपेक्षा वेगळंच काही होतं. बुवांना वाटत होतं, हे डास मरावेत. देवघरात वाढलेत, रोज नाम ऐकतायत, ह्यांनी तरी धुनीत मरावं. मग आपण बोललो ते खरं ठरेल. मग ते गोदामाचं कुणाला सांगावं लागणार नाही.

ही इच्छा मनात आली, की हरिपाठाचा सूर बेसूर व्हायचा. देवासमोर बसून, स्वतःच्या भावजयीचं घर उठावं अशी वाट पाहणारा माणूस. बुवा डोळे मिटत, तर पापण्यांआड निळा दोरा दिसे. एकदा हरिपाठ अर्ध्यावर सोडून ते उठले आणि खाचरांच्या बांधावरून वर, वेणूच्या घराकडं गेले. दारात दोन पेट्या बांधून ठेवल्या होत्या. गोदामामागून धुराचा लोट उठला, अंगणातून घरात शिरला. आत कुणीतरी खोकलं. बुवा बांधावरच थांबले, मग परत फिरले. खोकला किशोरीचा होता की वेणूचा, तेही त्यांना ओळखता आलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी तो कधी ऐकलाच नव्हता.

काल्याआधीचा सप्ताह बसला, वीणा उभी राहिली, दिवस सरले. घमेल्यांतल्या अळ्यांचे कोष झाले, कोषांचे डास झाले.

काल्याचा दिवस उजाडला. मंडपात दह्याची हंडी बांधलेली. महाराज ब्लँकेटावर. विनितानं दोन बरण्या आणून त्यांच्यापुढं ठेवल्या आणि वाकून नमस्कार केला, तेव्हा महाराज खुलले.

"महाराज, एवढा एक कौल लावून द्या. ही बरणी माझ्या आप्पांच्या देवघरातली. यातले डास तिथंच जन्मले, तिथंच वाढले, रोज हरिपाठ ऐकत होते. आणि ही वेणू काकीच्या घरातली."

"बघा बघा!" महाराज गर्दीकडं वळले. "शिकलेली पोर, पण धुनीपुढं नमली. ह्याला संस्कार म्हणतात!"

पणती पेटली. चूर्ण पडलं. वेणूच्या घरची बरणी आधी. महाराज जप करू लागले. आवाजात गोडी होती, कारण निकाल त्यांना पाठ होता. बरणी सरळ केली.

डास तळाला. मेलेले.

एक कुजबुज उठली. महाराजांनी बरणी हलवून पाहिली. मेलेलेच. त्यांनी घाईनं दुसरी उचलली, बुवांच्या देवघरची. धूर, जप, जरा जास्तच लांबलेला जप. बरणी सरळ केली.

सगळे डास काचेवर, टुणटुणीत.

मागची माणसं बरणी बघायला उठून उभी राहिली. पण धंद्यात मुरलेला माणूस लवकर पडत नाही. महाराजांनी बोट उगारलं आणि थेट बुवांवर रोखलं.

"पाप सरकलं! वेणूच्या घरातनं निघालं आणि तुमच्या बुवाच्या देवघरात बसलं! इतके दिवस मी बोललो नाय. पाप बुवाच्या घरात हाय!"

"महाराज," विनिता म्हणाली, "देवघरातल्या डासांची अंडी वेणू काकीच्या टाकीतली होती. आणि काकीच्या घरी वाढलेल्यांची अंडी आमच्या टाकीतली. घरं बदलली, डास नाही बदलले. जे आई-बापाकडून घेतलं तेच त्यांच्याकडं राहिलं. पाप भिंतीत असतं तर भिंतीबरोबर राहिलं असतं." तिनं पणतीतलं चूर्ण झटकलं, नुसती गोवरी ठेवली आणि वेगळ्या बरण्यांत राखलेल्या दोन्ही घरच्या डासांना तेवढाच धूर दिला. कुठलेच मेले नाहीत. मग पिशवीतून कॉइलचं वेटोळं काढून मोडलं, त्याचा चुरा निखाऱ्यावर टाकला. खालच्या आळीच्या अंड्यांचे पडले, वरच्या अंगाच्या अंड्यांचे उडत राहिले. हुबेहूब महाराजांच्या कौलासारखं. "जपाशिवाय झालं, बघा. चूर्णात ही कॉइल आहे. हीच ती तपश्चर्या."

"ही कॉइल..." गुणाबाई पुढं आली. तिनं तो चुरा बोटांवर घेतला, नाकाशी नेला. "माझ्या दुकानातली. तुझे चेले खोकी उचलून नेत होते." ती महाराजांसमोर उभी राहिली, लहानखुरी, पांढरीफटक पडलेली. "माझीच कॉइल कुटून तू माझ्या मेल्या नातीच्या नावानं मलाच दिलीस? पुड्यांमागून पुड्या? आणि मी हिला बोल लावला..."

पोरं अस्तन्या सारत उठली. महाराजांचा एक चेला मंडपाच्या कनातीखालून सरपटत निघालाच होता, त्याचा पाय गंगाबाईनं धरला.

"थांबा!" बुवा उभे राहिले. त्यांच्या गळ्यात वीणा होती. "हात लावायचा नाय. पोलीस येतील, त्यांच्या हवाली करायचं. आणि आता सगळ्यांनी बसा. काल्याचं कीर्तन माझं हाय."

माणसं बसली.

बुवांनी अभंग धरला नाही. वीणेच्या तारेवर बोट तसंच राहिलं.

"म्हाराज खोटं बोलत आले," ते म्हणाले, "पर येक वाक्य ते खरं बोलले. पाप बुवाच्या घरात हाय. वेणूच्या घरचे डास मरत नाय, कारण तिच्या पाठीमागं सात-आठ वरसं रोज धूर फिरतोय. मरायचे ते कवाच मेले, धुराला दाद न देणारे उरले. तो धूर तिथं मी नेला. जागा दोन व्हत्या. माझ्या घरामागची मी राखली, मेल्या भावाच्या बायकोच्या घरामागची देऊन टाकली. तिला इचारलं नाय. ती सांगाया आली तर मी हसलो, तुमीपन हसलात. आणि तोच धूर खाऊन तगलेला डास मी माझ्या हातानं पकडला, बरणीत घातला, आणि तिच्यावर कौल लावला."



"मी डास बघितले, खरे बघितले. पर असं का, हे कुणाला इचारलं नाय. देवाचं नाव आलं का इचारायचं नाय, असं मना कुणी शिकवलं? माझ्या संतांनी नाय शिकवलं. ते तर जल्मभर इचारतच व्हते." त्यांनी डोळे पुसले. "ऐका. ताप आला का अंगारा नाय, आधी रक्त तपासायचं. भाविका रक्त तपासून वाचली असती. टाकी उघडी ठेवायची नाय, आठवड्याला घासून कोरडी करायची. अळी पाण्यातच मेली का कुठलं औषध लागतंय, कुठलं नाय, हा सवालच येत नाय. मच्छरदाणी लावा. आणि कुणी सांगेल, तुमचा शेजारी पापी हाय, तर त्याला इचारा, कशावरून? दुसऱ्यांदा इचारा. घरं बदलून बघा. देव असल्या इचारण्यानं रागावत नाय. रागावतो तो देव नसतो, दुकानदार असतो."

मग हंडी फुटली. काला वाटला गेला, एकमेकांच्या तोंडी घास घालायचा तो काला. बुवांनी द्रोणात काला घेतला आणि गर्दीतून वाट काढत, खाचरांच्या बांधावरून, रस्ता ओलांडून वर निघाले. मागून पाडा येत होता. सगळ्यांच्या पुढं गुणाबाई.

वेणू दारात होती, पेट्यांशेजारी. विनिता आधीच पळत येऊन तिला सगळं सांगून बसली होती. किशोरी ओट्यावर मोबाइल कानाला लावून उभी होती. "हो, बेलपाड्याहून ना? ऐकलंत ना सगळं? बरं झालं," ती म्हणत होती. "आता तुम्ही थांबा. आता विचार करायला वेळ मला हवाय." आणि तिनं फोन ठेवला.

बुवांनी द्रोण पुढं केला. 

"वेणू, मी..."

"भावजी," वेणू म्हणाली, "त्या दिवशी मी म्हटलं, माझ्याकडं बघून सांगा. तुमी बघितलं नाय."

बुवांनी मान वर केली आणि तिच्याकडं पाहिलं. बराच वेळ. ते पाहणं त्यांना काही सोपं गेलं नाही.

वेणूनं काल्याचा घास घेतला. अर्धा तिनं तोंडात घातला, अर्धा बुवांच्या हातावर ठेवला. बुवांनी तो खाल्ला.

"आता उभं काय राहायचं?" ती म्हणाली. "मागल्या टाकीचं झाकण फुटलंय सात वर्षं. पत्रा झाकून त्याच्यावर दगड ठेवून थकले मी. आतला तळ घासायचाय."

बुवांनी गळ्यातली वीणा काढून किशोरीच्या हाती दिली, धोतर वर खोचलं आणि टाकीत उतरले. गोदामामागून धुराचं मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. बुवा काथ्याच्या घोसानं तळ घासू लागले, आणि त्या दिवशी पाड्यानं त्यांना पहिल्यांदाच काम करताना गप्प पाहिलं.